१/४८ स्केलच्या सिंगल सीट हंटर एफ.६ (ब्रिटिश लढाऊ जेट) च्या प्लास्टिक मॉडेल किटमधून दोन सीटचा ट्रेनर बनवता येतो का? कॉकपिट मागे वाढवून अजून एक सीट घातली की झालं का?

बनवता येतो, पण मागे सीट घालून नाही. हंटर या बाबतीत जरा वेगळं प्रकरण आहे. बहुतेक जेट ट्रेनरमध्ये शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे असतो, तिथे तुम्ही म्हणताय तसं थोडंफार चालून जातं. उदाहरणार्थ एफ-१६बी हा एफ-१६ए एवढाच लांब आहे, मागची सीट इंधनाची जागा खाऊन बसवलीय, त्यामुळे मॉडेलमध्येही लांबीला हात न लावता फक्त कॉकपिटच्या मागची पाठ कापून भागतं. स्कायहॉकचा टीए-४ करायचा तर मधे तुकडा घालून फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, वाढवावं लागतं. हंटरमध्ये मात्र दोघं शेजारी शेजारी बसतात, आणि त्यासाठी हंटर बनवणाऱ्या हॉकरवाल्यांनी पुढचं अख्खं नाकच नवीन, रुंद असं केलं. म्हणजे तुम्हालाही तेच करायचंय.

आधी मापं. एफ.६ ची लांबी ४५ फूट १०.५ इंच आणि टी.७, म्हणजे दोन सीटच्या ट्रेनरची, ४८ फूट १०.५ इंच, म्हणजे बरोबर ३ फुटांचा फरक, १/४८ मध्ये साधारण १९ मिमी. ही सगळी वाढ पुढच्याच भागात आहे. विंगस्पॅन तोच, ३३ फूट ८ इंच. त्यामुळे इनटेकच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाच्या) मागचं जवळजवळ सगळं किटमधलं जसंच्या तसं वापरता येतं, हे मोठं सुख आहे.

आता माझं ठाम मत सांगतो, करवत हातात घेण्याआधी कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बनवा. लोक आधी उत्साहात फ्यूजलाज कापतात, पुट्टी लावून नाक उभं करतात आणि शेवटी त्यावर बसणारी काच शोधत बसतात. बाकी सगळं पुट्टीने भरता येतं, घासता येतं, पुन्हा भरता येतं, पण पारदर्शक प्लास्टिकला पुट्टी नाही. कॅनोपी हातात आली की नाक तिच्या मापाने जुळवता येतं, उलटं करायला गेलात तर रडाल.

पद्धत अशी. चांगलं स्केल ड्रॉइंग घ्या, बाजूचं आणि वरचं, आणि मुख्य म्हणजे आडव्या छेदांचं. त्यावरून प्लास्टिक शीटचे आडवे पडदे कापून एका उभ्या पट्टीवर ओवा आणि मधली जागा दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने भरून नाक, कॅनोपी आणि मागचा उंचवटा हे सगळं एकाच ठोकळ्यात घडवा. तुकड्या तुकड्यात करू नका, नाहीतर नाकाची रेषा काचेवरून मागे सलग जात नाही आणि ते डोळ्याला लगेच खटकतं. आकार मनासारखा झाला की त्यातला कॅनोपीचा भाग बारीक करवतीने वेगळा कापा आणि एका दांड्यावर उंच बसवा, म्हणजे गरम शीट कडेच्या खाली पार ओढता येते. आता खरी गंमत, हा मास्टर, म्हणजे ज्यावर काच ओढायची तो साचा, शीटच्या जाडीएवढा सगळीकडून लहान घासायचा. शीट ०.५ मिमीची असली तर दोन्ही बाजू मिळून काच १ मिमी रुंद होते, खऱ्या विमानात ते जवळजवळ ५ सेंटीमीटर झाले, आणि मग काच नाकावर टोपी घातल्यासारखी दिसते. मास्टर आरशासारखा गुळगुळीत करा, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. मग पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची शीट फ्रेममध्ये धरून गरम करायची, मधे झोळ आला की एका दमात मास्टरवर खाली ओढायची. पहिली नीट येईल अशी अपेक्षा ठेवू नका, शीट जास्तीची आणून ठेवा. चिकटवताना पांढरा गम वापरा, सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

आता तो मागचा उंचवटा, कारण त्यावरच हंटर ट्रेनर ओळखू येतो. पहिला प्रोटोटाइप पी.११०१ हा ८ जुलै १९५५ ला उडाला, आणि जास्त वेगात त्या रुंद कॅनोपीवरून हवा नीट जाईना, आवाज आणि थरथर सुरू झाली. मग एरिया रूलच्या हिशोबाने (विमानाचा आडवा छेद एकदम न बदलता हळूहळू बदलावा हा नियम) कॅनोपीमागचं फेअरिंग, म्हणजे हवा नीट सरकावी म्हणून दिलेलं आवरण, नव्याने घडवलं. तर तो फुगवटा पाठीवर हळूहळू उतरत जातो, एकदम संपत नाही. म्हणजे तुमचा काप इनटेकच्या जरा पुढे, जवळच्या पॅनल लाइनवर आला तरी फेअरिंगची शेपूट त्याच्या मागे किटच्या पाठीवर घडवावी लागणारच. कापायच्या आधी फ्यूजलाजचे दोन्ही भाग चिकटवून पूर्ण वाळू द्या, आतून आडवा पडदा लावा आणि टेपची कड धरून काटकोनात कापा. काप तिरका गेला तर नाक एका बाजूला बघतं आणि ते लपवता येत नाही.

कॉकपिटमध्ये किटची सीट कॉपी करून दोन लावू नका. ट्रेनरमध्ये मार्टिन-बेकरची मार्क ४एच ही हलकी, सडपातळ सीट होती, एफ.६ मधली नाही. मोठ्या कॅनोपीतून सगळं दिसतं, म्हणून रेझिनच्या सीट मिळाल्या तर घ्याच.

कुठला ट्रेनर करायचा हेही आधी ठरवा. टी.७ मध्ये एव्हॉनचं १०० सीरिज इंजिन, त्यामुळे मागचा जेटपाइप एफ.६ पेक्षा बारीक, म्हणजे तुम्हाला शेपटाकडेही कापाकापी आली. भारतीय हवाई दलाच्या टी.६६ मध्ये २०० सीरिज होतं, एफ.६ सारखंच, म्हणून किटचं मागचं टोक चालतं, फक्त जेटपाइपच्या वर ब्रेक पॅराशूटचा डबा घालायचा. किटमध्ये एफजीए.९ (हंटरचा जमिनीवर हल्ला करणारा प्रकार) चे पार्ट असतील तर तो डबा तयारच मिळेल. गनचंही बघा, एफ.६ चा चार गनचा पॅक जातो, टी.७ ला उजवीकडे एकच ३० मिमी एडन गन, टी.६६ ला दोन. पहिल्यांदाच कन्व्हर्जन करत असाल तर मी तरी टी.६६ च करा म्हणेन.

वजन विसरू नका. कॉकपिट नाकातली बरीच जागा खातं, त्यामुळे शिसं पुढच्या पडद्याच्या पुढे आणि फ्लोअरच्या खाली ठासून भरावं लागतं, आणि ते नाक बंद करायच्या आधी. सगळं टेपने जोडून मेन व्हीलच्या जागी बोटांवर तोलून बघा, नाक खाली झुकलं की त्यावर अजून थोडं घाला.

आणि टी.७ चा तो जुना चांदी रंग, पिवळ्या पट्ट्यांसकट, करायचा असेल तर जोडावर आधी ग्लॉस काळा मारून उजेडात तिरकं धरून बघा. चांदी रंग काहीही झाकत नाही, उलट जोड ओरडून दाखवतो. टी.६६ ला कॅमोफ्लाज मारलात तर बरंच माफ होतं.