ताण वावरातला, भांडण घरातलं

प्रश्न : आमचे हे दिवसभर वावरात असतात. सांजच्याला घरी आले की मी किराण्याचं, पोराच्या फीचं काढते, कारण दुसरा वेळच भेटत नाही. ते भडकतात, पानठेल्यावर निघून जातात आणि मग दोन-तीन दिवस अबोला. घर दोन खोल्यांचं, सासूबाईंना सगळं ऐकू जातं. काय करू?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, विषय बरोबर आहे, वेळ चुकते आहे. निंदणाला मजूर मिळेना, पाऊस उघडेना, हा सगळा ताण बाहेरचा. तो माणसाबरोबर घरात येतो आणि जो समोर दिसेल त्याच्यावर निघतो. झुरिचचे मानसशास्त्रज्ञ गाय बोडेनमन यांनी जोडप्यांच्या ताणावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की संसार झिजतो तो अशा रोजच्या किरकोळ कटकटींनी. या कटकटी दोघांचा वेळ खातात, आणि मूळ बाहेर आहे हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

म्हणून जेवण होईपर्यंत पैशाचा विषय बंद. आधी आंघोळ, चहा, जेवण. तुम्हीही निंदणाहून आलेल्या असाल तर चूल पेटेपर्यंत पाणी भरणं त्यांच्याकडे. सगळं बाईनंच समजून घ्यायचं, असं आम्ही सांगणार नाही.

फवारणीच्या दिवशी मात्र जरा बारकाईनं बघा. चिडचिडीसोबत डोकेदुखी, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं असं काही असेल तर तो स्वभाव नव्हे, विषबाधा असू शकते. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपल्या भागाला सांगायला नको.

रागात उठून जाणं वाईट नाही. छाती धडधडत असताना समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्यांच्या मते शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. चुकतं ते न सांगता जाणं. "आता डोकं तापलं आहे, नऊ वाजता बोलू," एवढं म्हणून जावं आणि नऊला यावं. पानठेल्यावर तोच विषय चौघांत उगाळला तर राग उतरत नाही, चढतो.

आता बोलायचं कसं? आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी. बोडेनमन यांची रीत अशी : पहिला अर्धा तास एकानंच बोलायचं, आणि तेही बाहेरच्या त्रासाबद्दल. दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. "त्यात सगळ्यात जास्त काय लागलं?" एवढंच विचारायचं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मग दहा मिनिटं धीर द्यायचा, आपण काय उचलू शकतो ते सांगायचं. शेवटी बोलणाऱ्यानं सांगायचं, कशानं बरं वाटलं आणि कशानं नाही. पुढच्या खेपेला पाळी उलटी. फसतं ते दुसऱ्याच मिनिटाला. "दुकानदार उधारी देईना," असं तोंडातून निघतं न निघतं तोच समोरून "मी म्हटलंच होतं!" येतं. तिथं जीभ आवरली की अर्धं काम झालं.

जागा म्हणाल तर वावराचा धुरा, म्हणजे बांध बरा, नाही तर बैलबंडीवरून वावरात जातानाची वाट. सासूबाईंना चोरून जाऊ नका. "आई, हिशेबाचं बोलून येतो," असं सरळ सांगा.

प्रश्न : कृषी केंद्राची उधारी मी बायकोपासून लपवली. तिनंही एक कर्ज परस्पर घेतलं होतं, ते वसुलीवाला दारात आला तेव्हा कळलं. आता दोघंही एकमेकाले चोर समजतो.
(एक वाचक, वाशीम जिल्हा)

उत्तर : एक वही घ्या, दोघं मिळून पाच रकाने आखा : कोणाचं, किती, व्याज, तारीख, सही कोणाची. दोघांचाही लपवलेला आकडा त्याच बैठकीत लिहा. "काहून घेतलं?" हा प्रश्न त्या दिवशी नाही. तो आला की पुढचा आकडा लपतो.

उधारीच्या व्याजाचा रकाना बहुतेक घरांत कोरा राहतो. बियाण्याची बॅग रोखीनं केवढ्याला आणि उधारीत केवढ्याला, हे दुकानात विचारा. मधला फरक म्हणजेच व्याज. मग तारखा बघा. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा हिवाळ्यात, तुरीचा जानेवारीनंतर. हप्ता मात्र दर आठवड्याला किंवा महिन्याला. भांडण इथं जन्मतं. जून ते सप्टेंबर हात कोरडा राहणार हे आधीच ठाऊक असतं, तेव्हा सोयाबीन विकल्याबरोबर त्या चार महिन्यांचे हप्ते बाजूला काढा. पीककर्ज बँकेच्या मुदतीच्या आत फेडून नवं-जुनं केलं नाही तर व्याजाची सवलत हातची जाते. आणि दोघांनाही महिन्याला दोन-तीनशे रुपये असे ठेवा, ज्यांचा हिशेब कुणी मागायचा नाही.

प्रश्न : रानडुकरांमुळे ते रात्री जागलीला, वरून पंपाची लाइन रात्रीची. सकाळी तोंड उघडलं की भांडण.
(एक वाचक, अमरावती जिल्हा)

उत्तर : झोप झालेली नसते, एवढंच. जागलीनंतर चार-पाच तास झोपू द्या, निर्णय दुपारनंतर. शेजारच्या वावरवाल्याशी पाळी लावता आली तर एकाआड एक रात्र तरी घरी मिळेल.

प्रश्न : पिऊन आले की हात उचलतात, नाही तर "औषध पिऊन मरतो" म्हणतात. तुमचे उपाय इथं चालतील?
(नाव-गाव दिलेलं नाही)

उत्तर : नाही. मारहाण होत असताना समजुतीच्या बैठकीला बसू नका. आधी घराबाहेर, लोकांत जा. ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. मरण्याची भाषा दारूतली असली तरी खरी धरा. टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि फोन तुम्हीही करू शकता. नवऱ्याला एकटं सोडू नका, पण हात उचलत असतील तर त्यांच्याजवळ तुम्ही नव्हे, दुसरं कुणी थांबावं. घरातली सगळी कीटकनाशकं आजच दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा, आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच औषध तिथून आणा.