३५४ ची नोटीस आणि मालकानं पुढे केलेला कागद

विलेपार्ल्याच्या एका चाळीतून पत्र आलं आहे. चाळ दोन मजली, भारवाही भिंतींवर आणि लाकडी तुळयांवर उभी, वय साठीच्या पुढे. पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यानं घेतलेली खोली, भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर. वडील २०११ मध्ये गेले. यंदा मार्चमध्ये महापालिकेची, तिच्या कायद्याच्या ३५४ व्या कलमाखालची नोटीस आली: इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडा. ‘सगळ्यांचं होईल ते आपलं’ असं म्हणून नोटीस कपाटात गेली. आता जुलै आहे. पाणी तोडलंय, वीज तोडायला माणसं येऊन गेली, आणि मालकाचा माणूस एक कागद घेऊन दारोदार फिरतोय: सही करा, दोन लाख घ्या, नवीन इमारतीत तुमचं बघू. बावीस भाडेकरूंपैकी नऊ जणांनी सही केली आहे. पत्रलेखक विचारतात: सही करू की कोर्टात जाऊ? म्हाडाकडे अर्ज करू का? डोंबिवलीचा भाऊ हिस्सा मागतोय, त्याचं काय?

पावसाळा लागला की मुलुंडहून, गोरेगावहून, कुर्ल्याहून अशीच पत्रं येतात. नावं बदलतात, मजकूर बदलत नाही. त्यामुळे नोटीस म्हणजे काय आणि सी-१ म्हणजे काय हे इथे पुन्हा लिहीत नाही. तुमचं सगळं प्रकरण एका वाक्यावर अडलं आहे आणि ते वाक्य महापालिकेच्या नोटिशीत नाही, मालकाच्या कागदात आहे. तुम्ही त्या कागदाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: ‘सदर खोलीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा मी मालकांस स्वखुशीने देत असून यापुढे सदर जागेवर माझा कोणताही हक्क, हितसंबंध अथवा मागणी राहिलेली नाही.’

यावर सही करू नका. दोन लाखांना नाही, वीस लाख म्हणाले तरी आधी वकिलाला दाखवल्याशिवाय नाही.

कारण सांगतो. ३५४ ची नोटीस तुम्हाला खोली रिकामी करायला सांगते. ती मालकाच्या हवाली करा असं कुठेही म्हणत नाही, आणि भाडेहक्क सोडा असं तर मुळीच म्हणत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं आणि इमारत पाडली होती महापालिकेनंच. वरचं बांधकाम गेलं तरी खालच्या जमिनीवर भाडेपट्टा टिकतो. पण भाडेकरूनं स्वतःच लिहून दिलं की मी हक्क सोडला, तर कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा सोडून देणं ठरतं, आणि त्यापुढे तुम्हाला वाचवणं मला किंवा कुणालाही अवघड आहे. ‘दबावाखाली सही केली’ हे सिद्ध करायला वर्षं जातात, आणि दोन लाखांचा चेक तुमच्या खात्यात वटलेला असतो.

आता मालकाला ही सही इतकी का हवी आहे ते बघा. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१४ मध्ये मोडकळीला आलेल्या इमारतींबद्दल महापालिकेला निर्देश दिले. त्यातले दोन तुमच्या कामाचे. पहिला: इमारत पाडण्याआधी महापालिकेनं प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं चटई क्षेत्र मोजून यादी करायची. दुसरा: त्या जागी नवीन इमारतीची परवानगी मागितली, तर भाडेकरूंशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार किंवा समझोता झाल्याशिवाय सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, द्यायचं नाही, ही अट आयओडीत, म्हणजे आराखड्याला मिळणाऱ्या सशर्त मंजुरीत, घालायची. म्हणजे तुमच्याशी काहीतरी कागद झाल्याशिवाय मालकाची वीटही रचली जात नाही. तो दोन लाखांचा कागद म्हणजे हाच ‘समझोता’ आहे. तुमची सही महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात दाखल होईल आणि अडसर दूर होईल. ‘नवीन इमारतीत बघू’ हे शब्द कागदावर कुठेही नाहीत, मी दोनदा वाचला.

म्हणून आता सगळा जोर त्या मोजणीच्या यादीवर लावा. तुमचं नाव, खोली क्रमांक आणि क्षेत्रफळ त्या यादीत असलं तर तुम्ही त्या जागेवर होता हे महापालिकेचं दप्तर सांगतं. नसलं तर इमारत पाडल्यावर मोजायला भिंतच उरत नाही.

यादीत काय काय घोटाळे होतात ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्याच एका चाळीतल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. मोजणीच्या दिवशी त्या गणपतीला गावी गेल्या होत्या. यादीत त्यांच्या खोलीसमोर एकच शब्द होता, ‘कुलूपबंद’, आणि क्षेत्रफळाचा रकाना कोरा. शेजारच्या खोलीसमोर १५.६१ चौरस मीटर लिहिलं होतं. दोन्ही खोल्या एकाच मापाच्या, मधली भिंत एकच. तो एक रकाना भरून घ्यायला आम्हाला चौदा महिने लागले: जुना नकाशा, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, मूल्यांकनाचा उतारा. त्या वेळी इमारतीच्या जागी पत्रे ठोकलेले होते.

मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा. तुमची खोली पंधरा फूट बाय बारा, म्हणजे १८० चौरस फूट. मोरी बाहेर ठेवून माप घेतलं गेलं की कोपऱ्यातले बारा चौरस फूट जातात आणि कागदावर १६८ येतात. मोरी खोलीतच आहे, ती धरायला सांगा. बंद करून घेतलेली गॅलरी आणि नंतर टाकलेला पोटमाळा धरला जाईलच असं मी म्हणत नाही. ते बांधकाम कधीचं, त्याला मंजुरी होती का, यावर ठरतं. पण त्यांचं माप वेगळ्या ओळीत लिहून घ्या, वाद नंतर घालता येतो. टेप लावलेला असतानाचे फोटो काढा. यादीची प्रत मागा. दिली नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, तेव्हा अर्ज आजच गेला पाहिजे.

मार्चमध्ये नोटीस आली तेव्हा हे सगळं निवांत करता आलं असतं. तेव्हा तुम्ही बावीस जण मिळून स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनीअर आणू शकला असता. मालकाचा अहवाल ‘पाडा’ म्हणाला आणि तुमचा ‘दुरुस्त होईल’ म्हणाला, तर दोन्ही अहवाल महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे, टॅकपुढे, जातात आणि निर्णय तिथे होतो. तो रस्ता कागदावर आजही बंद नाही. पण पाणी तुटल्यावर, भर पावसात, आत राहून तो चालण्याचा सल्ला मी देणार नाही. तुम्ही लिहिता की तुमच्या छताच्या तुळईचं भिंतीतलं टोक बोटानं दाबलं तर भुसा पडतो. वाळवीनं खाल्लेलं ते टोकच सगळा भार भिंतीवर देत असतं. कुर्ल्याच्या नाईकनगरमधली इमारत २०२२ च्या जूनमध्ये पडली आणि १९ माणसं गेली. तिला आधी धोकादायक ठरवलं होतं, नंतरच्या ऑडिटनं ती दुरुस्तीयोग्य वर्गात गेली, असं महापालिकेनं तेव्हा सांगितलं होतं. मुदत मिळवण्यासाठी आणलेला अहवाल मला म्हणूनच नको वाटतो. मालकानं मुद्दाम सी-१ करून घेतलं असा तुमचा संशय आहे. असेलही. पुरावा तुम्ही पाठवलेला नाही, आणि त्या तुळईकडे बघता मला तो संशय लढण्याजोगा वाटत नाही.

तेव्हा खोली सोडा, या आठवड्यात सोडा. सोडण्याआधी एक पत्र द्या, एक प्रत वॉर्डातल्या इमारत आणि कारखाने विभागात आवक शिक्का घेऊन, दुसरी मालकाला नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टानं. मजकूर साधा: ‘महापालिकेच्या अमुक तारखेच्या नोटिशीमुळे आणि जीविताच्या भीतीने मी खोली क्रमांक अमुक तात्पुरती रिकामी करीत आहे. भाडेकरू म्हणून माझे सर्व हक्क अबाधित आहेत. मी मालकांस ताबा दिलेला नाही व भाडेहक्क सोडलेला नाही.’ खाली क्षेत्रफळ लिहा. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे कोर्टात जावं लागलंच तर मी सगळ्यात आधी तीच मागेन.

भाडं थांबवू नका. मालकानं घेतलं नाही तर मनीऑर्डरनं पाठवा, ‘नाकारले’ असा शेरा येऊन परत आली तर ती पावती ठेवा. थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं हे खरं, पण इमारत नसतानाच्या काळात थकबाकीचा मुद्दा त्याच्या हातात कशाला द्यायचा?

तुमच्या पत्रातला एक उल्लेख मला फार लागला. तुम्ही लिहिता, ‘गेली बारा वर्षं छत गळतंय, मालक काही करत नाही.’ बारा वर्षांत तुम्ही त्याला एकदाही लेखी कळवलं नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या १४ व्या कलमानं दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिस्स्यापर्यंत. तुमचं भाडं बघता त्या चौथ्या हिस्स्यात दहा कौलंही येणार नाहीत, हे मला माहीत आहे. कायद्याची ती मर्यादा पागडीच्या भाड्यापुढे निरुपयोगी झाली आहे. पण मला पैसा नको होता, नोटीस हवी होती. बारा वर्षांत बारा पत्रं गेली असती, तर इमारत कुणाच्या हलगर्जीपणानं या अवस्थेला आली हे आज सांगता आलं असतं. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी महापालिकेच्या कायद्याच्या ३५३-ब कलमात आहे, आणि तिथे मालकाबरोबर राहणाऱ्याचंही नाव घेतलंय. तुमच्या चाळीत ती कुणीच केली नाही, आणि महापालिकेनंही इतकी वर्षं विचारलं नाही.

पावती वडिलांच्या नावावर आहे, त्याची काळजी करा पण घाबरू नका. मूळ भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या वेळी राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. असं कुणी नसेल तर वारसांचा प्रश्न येतो. हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५)(ड) मध्ये आहे. २०११ मध्ये वडिलांसोबत तुम्ही राहत होता आणि भाऊ डोंबिवलीला, हे कागदांनी दिसलं पाहिजे: त्या वर्षाची मतदार यादी, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले. भावाचं म्हणणं कोर्टात किती टिकेल हे त्याच्याकडचे कागद न बघता सांगणं चुकीचं होईल. शक्य असेल तर त्याच्याकडून आत्ताच नोटरीसमोर ना-हरकत घ्या. तो वॉर्डात स्वतंत्र अर्ज घेऊन गेला तर तुमच्या नावापुढे ‘वादग्रस्त’ असा शेरा पडेल, आणि मालकाला तेवढंच हवं असतं.

म्हाडाचं दुरुस्ती मंडळ शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींसाठी आहे. पार्ल्याच्या चाळीसाठी तिथे जाऊन महिना घालवू नका. तुमच्यासारख्या उपनगरातल्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी विकास नियमावलीत ३३(७)(अ) हा पुनर्बांधणीचा नियम आहे. किती क्षेत्र मिळेल हा हिशेब मालकाचा प्रस्ताव आल्यावर करू, त्याचा पाया मोजणीची यादीच असेल.

कोर्टाचं म्हणाल तर आज लगेच गरज नाही. वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात भाडेहक्काच्या घोषणेचा दावा लावता येईल, पण तो संपायला किती वर्षं लागतील हे मी सांगू शकत नाही, आणि दहा वर्षं झाली तरी पुरावाच चालू आहे असे दावे माझ्याच टेबलावर आहेत. मोजणी न करताच पाडायला आले, तर मात्र त्याच दिवशी उच्च न्यायालयात जावं लागेल. त्यासाठी वकीलपत्रावर सह्या आत्ताच घेऊन ठेवा. इमारत पाडून मालक वर्षानुवर्षं स्वस्थ बसला तर काय, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. तिथे कायदा दुबळा आहे आणि भाडेकरू बाहेर भाडं भरून भरून थकतात. बावीस जण एकत्र राहिलात तर निदान एक अर्ज, एक वकील आणि एक खर्च होईल. तुमची संस्था नोंदवायची तर आता नोंदवा, सगळे विखुरल्यावर सह्या गोळा होत नाहीत.

त्या नऊ जणांना माझा निरोप द्या. चेक वटवला नसेल तर वटवू नका, आणि सही मागे घेत असल्याचं पत्र मालकाला व वॉर्डाला उद्याच पाठवा. वटवला असेल तर कागदाची प्रत घेऊन या, कागद नोंदणीकृत आहे का, मुद्रांक किती आहे, साक्षीदार कोण आहेत, हे बघितल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही. आणि तळमजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, मुलगा नागपूरला असतो, असं तुम्ही लिहिलंय. मोजणीला याल तेव्हा त्यांच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा.