स्लीव्ह की बायपास? आधी दुर्बीण घालून बघा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी बार्शीची. वय 38, उंची 158 सेंमी, वजन 112 किलो. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू होत्या, आता रात्रीचं इन्शुलिनही लागतं. गुडघे दुखतात. वजन उतरवायला एका सर्जनांनी स्लीव्हचं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी मिनी बायपास. धाकटे दीर म्हणतात, करायचंच तर रोबोटने करा. आमच्याकडे माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही. यातलं चांगलं ऑपरेशन कोणतं? (रात्री छातीत जळजळतं म्हणून दोन उशा घेते, पण ते जुनंच आहे.)

उत्तर : ताई, पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही कंसात टाकलात. तुमचं ऑपरेशन ठरवताना मी वजनाच्या आकड्याइतकंच त्या दोन उशांकडे बघेन.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 45च्या घरात येतो, जोडीला मधुमेह. ऑपरेशन करावं की नाही, यावर दोन्ही सर्जनांशी माझं काही भांडण नाही. कोणतं करावं हे मात्र आत नेमकं काय करतात ते कळल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

दोन्ही ऑपरेशनं पोटातून घातलेल्या दुर्बिणीने होतात. पूर्ण भूल, पोटाला चार-पाच छोटी भोकं, आत कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, टेबल डोक्याच्या बाजूने उचलायचं म्हणजे आतडी खाली सरकतात. जठराचा वरचा भाग यकृताच्या आड असतो, आणि जड माणसाचं यकृत बहुधा चरबीने फुगलेलं. ते नीट उचलून धरता आलं नाही तर पुढचं सगळंच कठीण. म्हणून आधीचे दोन आठवडे अगदी मोजकं खायला सांगतात. त्याने यकृत आकसतं. मधेच कुणाच्या लग्नात जेवून आलात तर आम्हाला आत गेल्यावर कळतं, एवढं लक्षात ठेवा.

स्लीव्हमध्ये जठराच्या बाहेरच्या कडेला चिकटलेला चरबीचा पदर थेट वरपर्यंत सोडवतात. भूलतज्ज्ञ तोंडावाटे बोटभर जाडीची नळी आत सोडतात. तिच्या कडेकडेने, जठराच्या खालच्या दाराच्या चार-पाच सेंटिमीटर अलीकडून वरपर्यंत स्टेपलर चालवायचा. तो एकाच वेळी कापतो आणि दोन्ही कडांना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या तीन-तीन ओळी मारतो. जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच बाहेर येतो, उरते केळ्याएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या वरच्या घुमटात तयार होतं, तोही यात जातो, त्यामुळे सुरुवातीला भूक खरोखर मंदावते. आतड्याला हात लागत नाही.

गंमत अशी की हे आधी एका मोठ्या ऑपरेशनचा निम्मा भागच होतं. 2000च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गॅन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार जड, जोखमीच्या रुग्णांसाठी ते मोठं ऑपरेशन दोन टप्प्यांत करायला सुरुवात केली. पहिला टप्पा स्लीव्हचा. त्यावरच काहींचं वजन इतकं उतरलं की दुसरा टप्पा राहूनच गेला. आज जगात वजनासाठी सगळ्यात जास्त हेच करतात, कारण ते लवकर उरकतं आणि जोडकाम नसतं. सर्जनलाही सोपं पडतं, हे कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

आता जळजळीकडे येते. ती नळी अरुंद, खाली झडप, त्यामुळे आतला दाब वाढतो. अन्ननलिका जठराला जिथे तिरकी मिळते तिथली रचनाही बदलते. मग आम्ल वर चढतं. ज्यांना कधी त्रास नव्हता अशांनाही स्लीव्हनंतर तो सुरू होतो. तुमच्याकडे तो आधीच मुक्कामाला आहे. आणि कापून टाकलेलं जठर परत मिळत नाही.

बायपास दोन तऱ्हेने करतात, रू-एन-वाय आणि मिनी. रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिशवी वेगळी करतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्नाच्या वाटेतून बाजूला होतं. लहान आतडं सुरुवातीपासून 50 ते 100 सेंटिमीटरवर कापून खालचं टोक त्या पिशवीला जोडायचं, आणि पित्त आणणारं वरचं टोक आणखी 100 ते 150 सेंटिमीटर खाली. म्हणजे दोन जोड. पिशवीत आम्ल नाममात्र आणि पित्त तर कितीतरी खाली, म्हणून जळजळ बहुतेकांची शमते. आतड्यांच्या नव्या मांडणीत फटी राहतात, त्या टाके घालून बंद कराव्या लागतात. नाहीतर वजन उतरल्यावर एखादं वेटोळं त्यात अडकू शकतं. ‘फटी शिवता का?’ असं सर्जनना बेधडक विचारा.

मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच, साधारण 150 ते 200 सेंटिमीटरवर. वजन आणि साखर दोन्ही उत्तम उतरतात. पण पित्त त्या जोडावरूनच पुढे जातं, ते पिशवीत येऊ शकतं आणि क्वचित वरही चढतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर तपासून घ्या. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा अन्ननलिकेला सूज दिसली तर माझं मत सरळ रू-एन-वायला. काहीच निघालं नाही तरी शुगरमुळे मी बायपासच्याच बाजूने राहीन. मग मिनीचा विचार करायला हरकत नाही. बायपासनंतर बाजूला पडलेल्या जठरात साधी दुर्बीण पोचत नाही, म्हणूनही आधी बघून घेतलेलं बरं.

साखर वजनाची वाट बघत नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्याने जीएलपी-1सारखी साखर उतरवणारी संप्रेरकं वाढतात, खाणंही कमी झालेलं असतं, त्यामुळे ती काही दिवसांतच उतरायला लागते. इन्शुलिनचा डोस तेव्हाच कमी करावा लागतो, त्याचा कागद घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. इन्शुलिन पूर्ण सुटेल असा शब्द मात्र मी देणार नाही. मधुमेह जितका जुना, तितकी ती शक्यता कमी.

माळ आहे म्हणता. काही अडचण नाही, पण बी-12 आत्ताच तपासा. शाकाहारी घरांत ते आधीच खाली असतं आणि बायपासनंतर गोळ्या किंवा इंजेक्शनं कायमची. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही जन्मभर. रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं पनीर, दही, डाळी, सोयाबीन आणि पावडर यांतून जमवायची. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचं नाव काढू नका.

गुडघ्यांसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणत असाल तर ते बायपासनंतर बंद, जोडावर अल्सर होतो. मिशरी लावत असाल (लाजू नका, आमच्या भागात अर्ध्या बायका लावतात) तर तीही आधी सोडा.

रोबोटबद्दल दिरांना सांगा, हात सर्जनचेच असतात, ते फक्त शेजारी कन्सोलवर बसून रोबोट चालवतात. पहिल्या ऑपरेशनला निकालात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, बिलात पडतो. आधीचं ऑपरेशन बिघडलेलं पोट असेल तेव्हा मलाही तो आवडतो.

प्रश्न : वय 29, ठाणे. उंची 172 सेंमी, वजन 76 किलो. शुगर-बीपी काही नाही. तीन महिन्यांवर लग्न आहे. स्लीव्ह करून घेऊ का?

उत्तर : नाही. बीएमआय 26सुद्धा नाही तुमचा. शेरवानी एक माप मोठी शिवा.

प्रश्न : मेडिक्लेममध्ये हे ऑपरेशन बसतं का? नाशिकच्या एजंटने ‘कॉस्मेटिक आहे’ म्हणून वाटेला लावलं.

उत्तर : कॉस्मेटिक म्हणजे लायपोसक्शन, ते वेगळं. विमा नियामकाच्या ठरवलेल्या शब्दांनुसार वय 18 पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळलेली नाही. गोळ्यांना न जुमानणारा टाइप 2 मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) असेल तर 35लाही चालतं. वैद्यकीय मर्यादा खाली आल्यात: 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी 27.5पासून विचार करा म्हटलंय. विमा कंपन्या अजून तिथे आलेल्या नाहीत, हे मला मुळीच पटत नाही, पण आज कागद त्यांच्या नियमानेच करावा लागतो. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ संपलाय का बघा. सर्जनच्या पत्रात उंची, वजन, बीएमआय, सोबतचा आजार आणि आजवर केलेले उपचार आकड्यांसकट लिहून घ्या, आणि दाखल होण्याआधी मंजुरी लेखी मागा. एजंटच्या तोंडी नकाराला किंमत नाही.