‘तू येतच नाहीस’ असे आई म्हणते तेव्हा

प्रिय भगिनी,

तुमच्या आईंना अल्झायमर असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. मागच्या रविवारी तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ होता, त्यांचे केस विंचरलेत, खिडकीशी बसून जुने फोटो पाहिलेत. आणि रात्री फोनवर त्या म्हणाल्या, ‘तू येतच नाहीस.’ शाळेत शेजारी कोण बसायचे हे मात्र त्या नावानिशी सांगतात. त्यामुळे ‘सोयीचे तेवढेच लक्षात ठेवते’ असे तुमचे भाऊ म्हणतात, आणि आता तुम्हालाही तीच शंका येऊ लागली आहे.

ही शंका मनातून काढून टाका. हा आजार बहुधा सर्वांत आधी मेंदूतील हिपोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागाला धरतो. कोण आले, कुठे बसले, काय बोलले हे सारे धागे एकत्र गुंफून प्रसंगाची टिकाऊ आठवण तयार करणे हे याच भागाचे काम. तेथील पेशी निकामी होऊ लागल्या की प्रसंग त्या क्षणी समजतो, त्याचा आनंदही होतो, पण त्याची नोंद पक्की होत नाही. म्हणूनच ‘अगं, खिडकीशी बसलो होतो ना आपण’ अशी खूण पटवूनही सहसा काही हाती लागत नाही. वयोमानाच्या साध्या विसरभोळेपणात एवढी खूण बहुतेकदा पुरते. शाळेच्या आठवणी पूर्वीच पक्क्या झालेल्या आहेत आणि पुन्हा पुन्हा उजळल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्या उशिरा जातात. नवे आधी आणि जुने नंतर, हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्येच मांडला होता.

भेट मनात कुठेच सापडत नाही, तेव्हा ती झालीच नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. ते ऐकताना तुमच्या जिवाला लागणे स्वाभाविक आहे. तरीही फोटो पुढे करून त्यांना खोटे पाडू नका, ‘आठवते का?’ असे विचारून त्यांची परीक्षाही घेऊ नका. ‘तुला एकटे वाटते आहे का? मी आहे, उद्या फोन करते,’ एवढे म्हणा. त्या अजून वाचत असतील, तर ठरलेल्या जागी एक वही ठेवून भेटीच्या दोन ओळी त्यांनाच लिहू द्या. ती वही त्यांच्या आधारासाठी असावी, पुराव्यासाठी नव्हे. पुढच्या तपासणीला भावांनाही सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांकडून हे त्यांच्याही कानी पडेल. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा; कारण त्यामागे जंतुसंसर्ग किंवा एखादे औषधही असू शकते.

दिवस वाया गेला का, असे तुम्ही विचारता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाची आणि आनंदाची चित्रफीत दाखवली होती. पाहिलेले बरेचसे विसरून गेल्यावरही त्यांच्या मनातली भावना मागे उरलेली आढळली. केस विंचरताना आई डोळे मिटून स्वस्थ बसल्या होत्या, असे तुम्हीच लिहिले आहे. येत्या रविवारीही कंगवा हातात घ्या.