मूळ कादंबरी न वाचता तिचं नवं रूप आधी वाचलं तर चालेल का?

तुम्ही जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचलेली नाही आणि तिच्यावर बेतलेलं आजच्या काळातलं काहीतरी आधी वाचावं का, वाचावं तर कुठलं, असं विचारताय. खुशाल वाचा. काही बिघडत नाही.

याच प्रश्नावरून माझं आणि आत्याचं पंधरा वर्षांचं भांडण आहे. आत्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मी अकरावीत असताना माझ्या हातात जीन ऱ्हीसची 'वाइड सारगॅसो सी' बघून तिनं पुस्तक काढूनच घेतलं. "आधी 'जेन एअर' वाच. मुळाचा पत्ता नाही आणि निघाली फांद्या मोजायला." उरलेली पानं मी लपून वाचली.

शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ची. ऱ्हीसनं १९६६ साली त्यातल्या नायकाच्या, रॉचेस्टरच्या, पहिल्या बायकोला बोलतं केलं. जमैकात वाढलेली अँत्वानेत. नवरा तिला बर्था म्हणायला लागतो आणि इंग्लंडला आणून वरच्या मजल्यावर कोंडतो. त्या खोलीत आरसा नाही. आपण आता कशा दिसतो हेच तिला माहीत नाही.

हे डोक्यात घेऊनच मी पुढे 'जेन एअर' उघडली. जेनचं त्याच रॉचेस्टरशी लग्न तोंडावर आलंय. रात्री एक बाई तिच्या खोलीत शिरते, लग्नात डोक्यावरून घ्यायचं तलम वस्त्र स्वतःच्या डोक्यावर टाकते, आरशात बघते, आणि मग ते टरकन फाडून पायाखाली तुडवते. जेन भीतीनं गारठते. आत्यालाही तो प्रसंग भीतीचाच वाटतो. मी मात्र पुस्तक मिटून बसून राहिले. तिला आरसा मिळाला होता! मूळ आधी वाचलं असतं तर त्या आरशाकडे माझं लक्षही गेलं नसतं.

आत्याला हे कितीदा सांगितलं. "लेखिकेच्या मनात नव्हतं ते तू घुसडतेस," एवढंच उत्तर. नसेल मनात, पानावर तर आहे ना?

'प्राइड'ची बहुतेक नवी रूपं मला फिकी वाटतात. मुळात घर आणि जमीन पुरुष वारसाकडे जाणार, म्हणून आईला पाच मुलींच्या लग्नाचा घोर. कथा आजच्या काळात आणली की तो घोर गळतो आणि आई नुसती बडबडी उरते. वाचायचंच तर हेलन फील्डिंगची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' (१९९६) घ्या. नायकाचं आडनाव मुळातल्या नायकासारखं डार्सीच आहे, पण नायिका तिच्या स्वतःच्या वाटेनं जाते.

एक कबूल करते. ऱ्हीस आधी वाचली की 'जेन एअर'मधलं वरच्या मजल्याचं रहस्य संपतं, आणि आता ते मीही फोडलं. रहस्याची ओढ असेल तर त्या एका पुस्तकापुरतं आत्याचं बरोबर. पण तिनं ऱ्हीस आजवर वाचलेली नाही. मूळ पुस्तक वाचल्याशिवाय मत देऊ नये, हा नियम तिचाच आहे.