कुत्र्याला घेऊन हायवेवरच्या स्वस्त हॉटेलात एक-दोन रात्री राहायचंय, हॉटेल कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की गाडीने लांबचा प्रवास आहे, मध्ये एक-दोन मुक्काम, सोबत कुत्रा, बजेट बेताचं, आणि पेट फ्रेंडली लिहिलेली हॉटेलं खंडीभर दिसतायत पण कोणतं घ्यावं कळत नाहीये. मी कुत्रीला घेऊनच फिरते त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देते.

माझं म्हणणं असं की खोली कशी आहे ते नंतर बघा, आधी खोलीचं दार कुठे उघडतं ते बघा. दार थेट पार्किंगमध्ये उघडणारी खोली सोयीची असते हे खरंय, सामान गाडीतून सरळ आत टाकता येतं, रात्री शू-शीला न्यायला जिने उतरावे लागत नाहीत, पण त्या दारापासून ट्रक धावतात तो रस्ता किती लांब आहे आणि मध्ये कुंपण आहे की नुसतंच मोकळं, हे बघितल्याशिवाय मी तरी बुकिंग करत नाही. घरी कितीही शहाणा असला तरी नव्या जागी कुत्रा बावरलेलाच असतो, त्यात एखाद्या ट्रकने हॉर्न मारला की जिकडे वाट दिसेल तिकडे सुटतो आणि मग तुम्ही घसा फोडून हाका मारा, काही उपयोग नाही.

एका मुक्कामात मी बाथरूममध्ये होते आणि टॉवेल द्यायला आलेल्या माणसाने एकदाच टकटक करून, उत्तराची वाटही न बघता, स्वतःच्या चावीने दार उघडलं. आमची बया त्याच्या दोन पायांमधून बाहेर! तिच्या हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) लांब दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक पलंगाच्या जाड पायाला बांधलेलं, म्हणून उंबऱ्याच्या थोडं पुढे जाऊन अडकली आणि तिथूनच त्याच्यावर भुंकत बसली, तो बिचारा टॉवेल टाकून पळाला. त्यामुळे चेक-इन करतानाच सांगून ठेवा की खोलीत कुत्रा आहे, आम्ही बोलावल्याशिवाय कोणी दार उघडू नका, आणि आतून कडी लावाच. दोरी हार्नेसलाच बांधायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, झटका बसला तर मानेला लागतं. आणि बांधून ठेवून आपण बाहेर निघून जायचं नाही, गुंडाळून घेतात स्वतःला.

बाकी आतल्या कॉरिडॉरवाली खोली मिळत असेल तर मी तीच घेते, बाहेर पडायला आणखी एक दार मध्ये असतं. तळमजला, मागची बाजू, लिफ्ट आणि जिन्यापासून लांब, असं मागून घ्या. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप जास्त ऐकू येतं, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पावलाला तो दाराच्या फटीला नाक लावून गुरगुरतो आणि मग शेजारचे रिसेप्शनला फोन करतात. मी एक टॉवेल गुंडाळून त्या फटीला लावते आणि पंखा किंवा एसी चालू ठेवते, त्या घरघरीत बाहेरचे आवाज बरेच दबतात. ट्रक जिथे रात्रभर इंजिन चालू ठेवून उभे असतात तिकडची बाजू नकोच.

आता पैशाचं. पेट फ्रेंडली या दोन शब्दांवर जाऊ नका, त्यात काहीही बसतं. कुठे कुत्रा फुकट असतो, कुठे प्रत्येक रात्रीचे वेगळे पैसे, कुठे पूर्ण मुक्कामाचे एकदाच, कुठे क्लीनिंग चार्ज जो परत मिळत नाही, कुठे डिपॉझिट जे खोली बघून परत देतात. एका रात्रीसाठी मुक्कामाचा एकरकमी चार्ज बसला तर स्वस्त दिसणारी खोली महागाची होऊन बसते, म्हणून खोलीचं भाडं अधिक कुत्र्याचा चार्ज अशी बेरीज करूनच हॉटेलं एकमेकांशी ताडून बघा. वजनाची मर्यादा, किती कुत्रे, कोणती जात चालत नाही, या अटीही निघतात आणि त्या बुकिंग साइटवर बऱ्याचदा नसतात. म्हणून थेट हॉटेलला फोन करा, कस्टमर केअरला नाही, आणि तुमच्या कुत्र्याची जात, वजन, वय सांगून विचारा की चालेल का, एकूण किती होतील, खोलीत एकटा ठेवू देता का. मग तेच मेसेज किंवा ईमेलवर लिहून मागा. फोनवर हो म्हणणारा माणूस रात्री काउंटरवर नसतो, आणि दमलेल्या कुत्र्याला घेऊन तिथे हुज्जत घालायची ताकद आपल्यातही नसते.

एकटा ठेवण्याचं नीट विचारा कारण बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, मग जेवायला जाताना लोक कुत्र्याला गाडीत ठेवतात. प्लीज हे करू नका. बाहेर २१ अंश असताना बंद गाडी अर्ध्या तासात ४० अंशांच्या आसपास जाते आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा जेवण खोलीत मागवता येतं का बघा, किंवा आळीपाळीने जेवा.

खोलीत शिरल्यावर कुत्र्याला लगेच आत सोडायचं नाही, एकाने बाहेर थांबायचं आणि दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च घेऊन पलंगाखाली, कपाटामागे, बाथरूमच्या कोपऱ्यात बघायचं. मी मुख्यतः उंदराचं औषध शोधते. हायवेच्या हॉटेलात ते असूच शकतं, हिरव्या-निळ्या किंवा गुलाबी वड्या असतात आणि कुत्र्यांना आवडतात. यातल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठणं बंद होतं आणि लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस किंवा जास्तही लागतात, तोवर तुम्ही पार पुढच्या गावी पोचलेले असता. खाल्लं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका, वेष्टन मिळालं तर ते घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्त न गोठू देणारं औषध असेल आणि वेळेत गेलं तर व्हिटॅमिन के-१ देऊन बहुतेक वेळा वाचवता येतं. दुसरं म्हणजे गोचीड. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घराच्या आतच अंडी घालून पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते, भिंतीच्या आणि फरशीच्या फटीत, आणि रोज वेगळा कुत्रा येणाऱ्या खोलीत तिची मजाच असते. पिसवांचे कोष तर रिकाम्या खोलीत महिनोन्‌महिने पडून राहतात आणि कोणी चालायला लागलं की फुटतात, म्हणून कार्पेट नको, फरशीवाली खोली द्या म्हणायचं. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोचीड-पिसवांचं औषध देऊन ठेवा.

रिव्ह्यू वाचताना स्टार बघत बसू नका, रिव्ह्यूमध्ये कुत्रा, वास, आवाज असे शब्द सर्च करा आणि गेल्या काही महिन्यांचेच वाचा, स्वस्त हॉटेलांचे मालक-मॅनेजर बदलत राहतात. नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू लावलात तर मागे मोकळी जागा आहे का आणि हायवे नेमका किती जवळ आहे हे दोन मिनिटांत कळतं. कुत्र्याच्या गळ्यात तुमचा चालू मोबाइल नंबर लिहिलेला बिल्ला घाला, घरचा पत्ता असून तिथे काही उपयोग नाही, आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, काही ठिकाणी काउंटरवरच मागतात.