सीटीवर एमआरआय चढवताना

थ्रीडी स्लायसर या स्कॅन बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाच्या डोक्याचा सीटी खाली, एमआरआय वर ठेवून पारदर्शकतेची पट्टी सरकवली की चित्र लगेच छान दिसतं. तिथे फसू नकोस. दोन्ही स्कॅन वेगळ्या मशीनवर झालेले, मान थोडी तरी कललेली असतेच. म्हणून आधी रजिस्ट्रेशन कर, म्हणजे दोन्ही स्कॅन एकमेकांवर नेमके जुळव. डोक्यासाठी रिजिड, म्हणजे आकार न बदलता जुळवणं, पुरे: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं, बस. सीटी स्थिर ठेव, एमआरआय हलू दे. मग पट्टी हळूहळू मागेपुढे करत डोळ्यांचे गोल आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडा बघ. कड जागची हलली, तर पुन्हा जुळव. मी एकदा मधली एकच स्लाइस, म्हणजे स्कॅनचा एकच काप, पाहून खूश झालो होतो. कानाजवळ चांगला ३-४ मिलिमीटरचा फरक निघाला. आता तिन्ही बाजूंनी तपासतो. उपचारासाठी वापरणार असशील, तर रेडिओलॉजिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.